यादीत नाव नाही

सख्खा नातू समोर उभा, मधे काच, आणि काचेपलीकडची मुलगी मला सांगतेय की हा मुलगा तुम्हाला देता येणार नाही. मंगळवारची गोष्ट. अजून घास गोड लागत नाही.

स्थळ एडिसन, न्यू जर्सी. पालकसभांमुळे शाळा दुपारी एकलाच सुटणार होती. मुलगा न्यूयॉर्कला ऑफिसात, सून दार लावून कॉलवर, बाळ नुकतंच झोपलेलं. मीच म्हटलं, मी आणते, चालतच तर जायचंय. रस्त्यात पानगळ सुंदर होती, ती बघून झाली.

खिडकीतल्या मुलीनं नाव विचारलं. सांगितलं. स्पेलिंग विचारलं. तेही सांगितलं. टॅबवर बोट वरखाली फिरवून झाल्यावर ती इतकं गोड हसली की मला वाटलं, झालं काम. "आय ॲम सो सॉरी मॅम, यू आर नॉट ऑन द लिस्ट."

म्हटलं, अगं मी आजी आहे. तर म्हणते, हो हो, आजी आहे ना यादीत! आणि तिनं ते नाव वाचून दाखवलं. अडखळत, पण बिनचूक. माझ्या विहीणबाईंचं.

आता विहीणबाई सप्टेंबरच्या शेवटी नाशिकला परत गेल्या. त्यांची पाळी संपली, माझी सुरू झाली. ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांना ही पाळ्यांची भानगड समजावून सांगायला नको. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो खरा, पण विमानतळावरचा अधिकारी राहायला देतो साधारण सहा महिने. म्हणून घरात बाळ आलं की आधी मुलीकडचे सहा महिने आणि मग मुलाकडचे सहा महिने. मधे एकदोन दिवस दोघी एका घरात असतो. तेवढ्यात चार्ज द्यायचा-घ्यायचा. विहीणबाईंनी मला फ्रिजवर चिकटवलेला कागद दिला, बाळाची ढेकर कशी काढायची याचं प्रात्यक्षिक दिलं (मी दोन मुलं वाढवलीत, पण असो), कुकरची शिट्टी इथे तीनच वाजवायची कारण स्मोक अलार्म ओरडतो हे सांगितलं आणि डोळे पुसत निघून गेल्या. शाळेच्या यादीचा चार्ज तेवढा त्यांच्याकडेच राहिला.

कागदोपत्री मी इथे पर्यटक आहे. बी-२ व्हिसा, फी १८५ डॉलर, मुलाखत मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. तिथे जाण्याआधी सांगलीत ज्यानं त्यानं मला बजावलं होतं, 'नातवंडांना भेटायला जाते' एवढंच म्हणायचं, सांभाळायला जाते असं चुकूनही बोलायचं नाही. तर पर्यटक म्हणून मी आजवर पाहिलेली प्रेक्षणीय स्थळं अशी: डिशवॉशर, ड्रायर, डायपर टाकायचा तो झाकणाचा डबा, आणि शनिवारी ओक ट्री रोडवरचं वाण्याचं दुकान. नायगारा व्हायचा होता. पण बाळाच्या लशी होत्या, मग मुलाच्या ऑफिसातलं रिलीज होतं, मग थंडी पडली आणि तिथल्या बोटी बंद झाल्या. "स्प्रिंगमध्ये जाऊ गं आई." स्प्रिंग सुरू होतो तेव्हा माझी मुदत संपते.

आमचे हे आले नाहीत. त्यांना थंडी मानवत नाही म्हणतात. काम मानवत नाही हे मी गेली कित्येक वर्षं जाणून आहे.

तर खिडकी. मी स्वतः बँकेत खिडकीमागे बसून आयुष्य काढलंय. सही जुळली नाही म्हणून मी एका माजी आमदारांचा चेक परत केलाय, आणि तसाच आला तर आजही करीन. नियम मला शिकवू नका. पण आमदारांना मी खुर्ची दिली होती. इथे मला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. "आय टोटली अंडरस्टँड" मात्र ती मुलगी दर वाक्यागणिक म्हणत होती. समजतंय तर दे ना बाई माझं पोर.

ओळखपत्र मागितलं. पर्समध्ये आधार कार्ड निघालं, ते सरकवलं. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, फोटो आणि मी यांत काही साम्य आहे का ते पाहिलं (नाही), आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "इज दिस अ लायब्ररी कार्ड?"

तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं.

"आधार नाही चालत इथे, बेन. काय चालतं ते मी दाखवतो."

वळून पाहिलं तर माकडटोपी, वर जाकिटाची टोपी, खाली मफलर, आणि या सगळ्याच्या मधोमध एक चष्मा. छातीशी प्लास्टिकची फाइल. काका बडोद्याचे. तिथल्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ही माहिती मी विचारली नव्हती. त्यांनी विचारलेली माहिती वेगळीच होती.

"आय-९४ कधीपर्यंत?"

आय-९४ म्हणजे कधीपर्यंत राहायचं त्या मुदतीचा कागद. इथल्या आजी-आजोबांत हा पहिला प्रश्न असतो. नाव, गाव, गुडघे सगळं नंतर.

"मार्चअखेर," मी म्हटलं.

"म्हणजे हिवाळा तुमच्या वाट्याला आला. उन्हाळा कोणी खाल्ला?"

"विहीणबाईंनी."

"तेच तर! मुलीकडच्यांना उन्हाळा. मी नऊ वर्षं बघतोय. नायगारा झाला?"

"नाही."

"नाहीच होणार. मुलाकडच्यांचा नायगारा व्हिडिओवर होतो." मग त्यांनी फाइल उघडली. पासपोर्टची प्रत, लॅमिनेट केलेली. आय-९४ ची प्रत, लॅमिनेट केलेली. मुलाचं पत्र, की हे माझे वडील असून नातवाला नेण्यास यांना मुभा आहे, नोटरी केलेलं आणि लॅमिनेट केलेलं. रक्तगट. बडोद्याच्या घराचा पत्ता, तो कशासाठी देव जाणे. "लॅमिनेशनशिवाय या देशात माणूस खरा धरत नाहीत," ते म्हणाले. "एक सांगू का? इथे आजी-आजोबा तीन प्रकारचे. कायम, हंगामी आणि रोजंदारी. ग्रीन कार्डवाले ते कायम. ते या खिडकीपाशी येतच नाहीत, ते सिनियर सेंटरला पत्ते खेळतात. सहा महिनेवाले आपण हंगामी. आणि शेजारच्यांची पोरंसुद्धा ज्यांच्या गळ्यात पडलीत ते रोजंदारी."

"आणि ज्यांचं नाव यादीतच नाही ते?"

काकांनी जरा विचार केला. "ते स्वयंसेवक."

यावर हसायचं की रडायचं हे ठरवेपर्यंत खिडकीतल्या मुलीला एक युक्ती सुचली. तिनं नातवाला पुढे बोलावलं, खाली वाकली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इज दॅट युवर ग्रँडमा, स्वीटी?"

पाच वर्षांचं ते ध्यान. बॅग पाठीला, टोपी डोळ्यांवर. सकाळी त्यानं डब्यात चिप्स मागितले होते. मी थालीपीठ दिलं होतं. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, डबा या हातातून त्या हातात घेतला, आणि म्हणाला,

"मेबी."

"बघा," काका म्हणाले, "साक्षीदार फुटला."

फोन करायचा तर माझा फोन घरच्या वायफायवरच चालतो. मुलगा म्हणाला होता, तू कुठे जाणारेस, तुला कशाला प्लॅन. शाळेच्या वायफायचा पासवर्ड विचारला. तो फक्त यादीतल्यांना. मग काकांनी त्यांचा फोन काढला. सुनेनं उचलला नाही, कारण अनोळखी नंबर इथे कुणीच उचलत नाही. तेव्हा काकांनी व्हॉइसमेल ठेवला. पाटबंधारे खात्याच्या आवाजात, सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल असा. "बेटा, तू मला ओळखत नाहीस. तुझ्या सासूबाई इथे शाळेत आहेत. घाबरायचं काही कारण नाही. प्रकृती ठीक आहे. लवकर ये."

'प्रकृती ठीक आहे' एवढंच तिनं ऐकलं असणार. कारण गाडी आली ती फुटपाथवर अर्धी चढूनच थांबली. मागे बाळ जागं होऊन बेंबीच्या देठापासून रडतंय, सुनेच्या पायात घरातल्या सपाता. धावत आली आणि पहिला प्रश्न: "आई, पडलात का? इन्शुरन्सचं कार्ड आहे ना जवळ?"

तिची चूक नाही. इथे सगळेच आधी कार्ड विचारतात. माझी दाढ ऑक्टोबरपासून ठणकतेय, पण माझ्या पॉलिसीत दात येत नाहीत, म्हणून मी लवंग धरून बसलेय. पण तरी.

तर मुख्य गोष्ट. सुनेनं तिथल्या तिथे मोबाइल काढला, शाळेचं ॲप उघडलं, माझं नाव घातलं. श्वास घ्यायला लागावा तेवढाही वेळ लागला नाही. "सॉरी आई, राहूनच गेलं. लक्षातच आलं नाही कुणाच्या."

हे मला खाली उतरत नाहीये. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्यानं बाळंतिणीला १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. न्यू जर्सी राज्य त्यात थोडा भत्ता घालतं, नाही असं नाही. आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी. हे मधले आठवडे कुठून भरून काढतात? सांगलीहून आणि नाशिकहून. इथल्या पाळणाघरात एवढ्याशा बाळाचे महिन्याला दोन हजार डॉलरच्या घरात मागतात. मी कॅशियर, मला हिशेब तोंडी येतो. सहा महिन्यांचे बारा हजार. मला एक डॉलर नकोय. पेन्शन येते माझी. पण अमेझॉनच्या परतीच्या खोक्यांची यादी फ्रिजवर आहे, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा त्याची यादी आहे, बाळाच्या दुधाच्या वेळांची तर रंगीत यादी आहे, आणि त्या सगळ्या मी तोंडपाठ करायच्या. यांना एका यादीत एक नाव घालायला सुचत नाही. आणि घालायचं राहिलं ते नेमकं कुणाचं? लग्नात वरमाई म्हणून जिचे पाय धुतले होते तिचं. तेव्हा मी नको नको म्हणत होते. मानपानाचं खूळ मला कधीच नव्हतं. आता वाटतं, थोडं असायला हवं होतं.

तर खिडकीतल्या मुलीनं माझा फोटो काढला, एक स्टिकर छापला आणि कोटावर लावायला दिला. त्यावर माझं नाव, आणि खाली ठळक अक्षरांत 'व्हिजिटर'. चला, व्हिसा आणि शाळा यांचं एकमत झालं.

काका निघाले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना दोन पोरं होती. एक त्यांची नात, दुसरं शेजाऱ्यांचं. म्हणजे काका रोजंदारीतच मोडतात, पण मी बोलले नाही. जाताना म्हणाले, "लॅमिनेशनचं मशीन आमच्याकडे घरीच आहे, कागद पाठवा." फोन नंबरही त्यांनी मला लॅमिनेट केलेला दिला.

गाडीत नातू शेजारी बसला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाला, "आजी, आय वॉज जोकिंग." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. एकदम विरघळायचं नाही, असं ठरवलं होतं. घरी पोचून त्याला चिप्स दिले. ते वेगळं.

थालीपीठ तव्यावर टाकते न टाकते तोच फोन वाजला. विहीणबाई. घड्याळं मागे गेल्यापासून इथले दुपारचे दोन म्हणजे नाशकात रात्रीचे साडेबारा. मी दचकले. कुणाला काही झालं की काय?

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "शाळेच्या ॲपचा मेसेज आला मला, यादीत बदल केला म्हणून. लेकीला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला मुलगा देत नव्हते म्हणे?"

"छे, तसं काही नाही. जरा वेळ लागला."

"मला एक फोन करायचा ना! मी बोलले असते तिच्याशी. ती खिडकीतली मुलगी ना, कुरळ्या केसांची? खूप ओळखते मला. माझ्या हातचा नारळाचा लाडू दिला होता मी तिला. फार गोड आहे हो स्वभावानं. तुम्हाला बसायला खुर्ची दिली असेल ना?"

"दिली तर," मी म्हटलं. "बरं, ठेवते हं. तव्यावर आहे."