पाणी कुठं मुरतंय?

"कुठंतरी पाणी मुरतंय" हे मी आयुष्यभर ऑफिसातल्या राजकारणाबद्दल म्हणत आलो. इंग्लंडात, रेडिंगला घर घेतलं आणि ते आमच्याच घराबद्दल म्हणायची पाळी आली.

इथं बॉयलरमधलं गरम पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर गरम ठेवतं. बॉयलर थंड असताना त्याच्या दाबाच्या काट्यानं १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये उभं राहावं, एवढीच अपेक्षा. आमचा काटा रात्री दीडवर झोपायचा आणि सकाळी अर्ध्यावर उठायचा. की बॉयलर संपावर, रेडिएटर गार, आणि मी पायजम्यावर स्वेटर चढवून खालची तोटी फिरवत पाणी भरतोय. "काल रात्री दीड बार केला होता रे, सकाळी अर्धाच उरला, पुन्हा भरावा लागला!" हे मी मित्राला फोनवर सांगत असताना साताऱ्याहून आलेल्या आईनं जपमाळ खाली ठेवली. तिची समजूत काढण्यात तो दिवस गेला.

मग शोध. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर पसरले. एक ओला निघाला, मी आनंदानं ओरडलो. तो माझाच चहा होता. दाब ३ बारवर गेला की जास्तीचं पाणी बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून सुटतं, म्हणून तिला पिशवी बांधली. पिशवी कोरडी. शेजारच्या आजोबांनी मात्र आज तुमचा कुठला सण, म्हणून विचारलं.

मेकॅनिकनं बॉयलरचे जाणारे-येणारे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून त्याला घरातल्या पाइपांपासून तोडलं. सकाळी काटा जागच्या जागी! म्हणजे बॉयलर निर्दोष, गळती जमिनीखालच्या पाइपात. इतके दिवस त्या बिचाऱ्याला काय काय बोललो होतो.

शेवटी उष्णता दिसणारा कॅमेरा घेऊन गळतीवाला आला. हीटिंग चालू करून त्यानं स्वयंपाकघराची फरशी दाखवली: पाइपांच्या सरळ रेघा, आणि एका ठिकाणी धिरडं पसरावं तसा लालभडक डाग. बरोब्बर आईच्या पाटाखाली. ती रोज तिथंच मेथी निवडायची.

"आई, इथं गरम लागत नव्हतं तुला?"

"लागायचं की. म्हणून तर बसायचे. म्हटलं, पोरानं माझ्या गुडघ्यांसाठी सोय केलीय."

फरशी फोडली, सिमेंटमध्ये कुजलेला तांब्याचा तुकडा बदलला. तीन आठवडे झाले, काटा सव्वावर ढिम्म. परवा आईनं पाट मांडला, बसली आणि लगेच उठली.

"एवढे पैसे घालून गार करून ठेवलीत की रे!"