दस्तांचा उच्चांक म्हणजे ग्राहकांचा विश्वास नव्हे

मुंबई-पुण्यातील घरांविषयीचा एक मजकूर दर सणासुदीला व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा आशय असा, की या पट्ट्यात घरांचे भाव कधीच उतरत नाहीत, दस्तनोंदणीचे उच्चांक म्हणजे ग्राहकांच्या वाढत्या विश्वासाचा पुरावा, आणि विश्वास वाढला की भाव वाढणारच; तेव्हा टोकन आजच द्यावे. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

भाव कधीच उतरत नाहीत असे म्हणणाऱ्यांना १९९५ नंतरची मुंबई आठवत नसावी. त्या वर्षांत शिगेला पोचलेले दर पुढे घसरत गेले आणि बाजार सावरायला नवे शतक उजाडावे लागले. २०१३ नंतरची मरगळ मात्र वेगळ्या जातीची होती. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून लागू झालेला रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा), जुलैतला जीएसटी आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत क्षेत्रातल्या बड्या वित्तसंस्थेची थकबाकी उघड झाल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांकडून आटलेला पैसा, असे धक्के एकामागून एक बसले. तरीही छापील दर फारसे हलले नाहीत. सूट दिली जात होती ती कॉस्ट शीटच्या, म्हणजे बिल्डरच्या खर्चपत्रकाच्या, खालच्या ओळींत: फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार) माफ, पार्किंग फुकट, ताबा मिळेपर्यंतचे हप्ते बिल्डरकडे. शिवाय भाव सहा वर्षे जागीच राहिला आणि महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली, तर घराचे खरे मोल सुमारे एक चतुर्थांशाने घटते. एक कोटीचा फ्लॅट कागदावर एक कोटीचाच राहतो, इतकेच.

उच्चांकाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले, तो त्या काळचा विक्रम होता. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२० च्या फेरीत, रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणाचा चालू स्थितीचा निर्देशांक ५२.३ होता, १०० च्या खाली म्हणजे निराशा वरचढ. मग रांगा कशाच्या होत्या? राज्य सरकारने सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले होते आणि १ जानेवारीपासून ते तीन टक्के होणार होते. ८० लाखांच्या घरावर एका टक्क्याचे ८० हजार होतात. ते वाचवायला कोणीही धावेल. मुदतीत शुल्क भरलेल्यांना नोंदणीसाठी पुढे चार महिने मिळत असल्याने गर्दी मार्चपर्यंत लांबली, आणि मे २०२१ मध्ये हाच निर्देशांक ४८.५ या नीचांकावर गेला. पुढच्या महिन्यांतली खरेदी आधीच उरकली गेली होती. तिला विश्वास म्हणणे म्हणजे सेलमधली झुंबड पाहून लोक श्रीमंत झाले असे मानण्यासारखे आहे.

विश्वासावरून भावांचे भाकीत करणेही असेच लंगडे आहे. हे सर्वेक्षण सर्वसाधारण आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, उत्पन्न आणि खर्च यांविषयी विचारते. २०१९ च्या मध्यापासून २०२४ अखेरपर्यंत चालू स्थितीचा निर्देशांक एकदाही १०० च्या वर गेला नाही, तरी २०२४ मध्ये मुंबईतील दस्तांनी एक लाख चाळीस हजारांचा टप्पा ओलांडला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हाही नोंदणी कोसळली नाही. यात तथ्याचा अंश आहे तो फक्त रोजगाराच्या प्रश्नापुरता: पुण्याच्या हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारा माणूस वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो, तेव्हा त्याला देशाच्या स्थितीपेक्षा स्वतःच्या पगाराची खात्री हवी असते. एकत्रित आकड्यात ती खात्री दिसत नाही.

ज्यांना खरोखर घर घ्यायचे आहे त्यांनी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचे पान उघडावे. किती सदनिका विकल्या गेल्या आणि बांधकाम कुठवर आले, हे विकासकाला तिथे दर तिमाहीला कळवावे लागते.