जिरूला नुसतं नशीबवान कसं म्हणता?
लेखात फ्रेंच फुटबॉल स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरूला 'नशीबवान' म्हटलंय, ते काही पटलं नाही. फ्रान्सने जिंकलेल्या २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये त्याचा एकही गोल नाही, मान्य. पण डिफेंडर अंगावर घेऊन संघातल्या एम्बापे-ग्रीझमनला जागा कोण करून देत होतं? २०१२मध्ये त्याचा क्लब माँपेलिए फ्रेंच लीग जिंकला तेव्हा याचे २१ गोल होते. फ्रान्ससाठी सर्वाधिक गोलांचा थिएरी ऑन्रीचा ५१ गोलांचा विक्रम मोडला तो तर ३६व्या वर्षी!

आणि इटलीतल्या मिलान क्लबकडून खेळताना जेनोआविरुद्धची ती मॅच? २०२३, मिलानच्या गोलकीपरला रेड कार्ड, बदली खेळाडू संपलेले. ग्लोव्हज चढवून हा पठ्ठ्या गोलमध्ये उभा राहिला आणि शेवटी पुढे धावत येऊन स्ट्रायकरच्या पायातून बॉल काढला. मिलान १-० जिंकलं. क्लबने मग त्याच्या नावाची गोलकीपरची जर्सीच विकायला काढली!