चौथं ताट

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड: 'हॅलोविन म्हणजे पेगन लोकांचा सैतानपूजेचा सण. मुलांना लांब ठेवा.' खाली अकरा जणांचे जोडलेले हात. अकरा! चहा निवला माझा.

मी इंग्लंडला, ब्रिस्टलला आले तेव्हा बाबांना जाऊन सात महिने झाले होते. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं. आजी पेगन, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धांना मानणाऱ्या. आम्ही दोघीच, आणि टेबलावर ताटं तीन. म्हणाल्या, "तिसरं माझ्या नवऱ्याचं. आज साऊइन, आमचा सण, गेलेली माणसं आज जवळ असतात." मग सहज विचारलं, "तुझ्या वडिलांना काय आवडायचं?" मी 'पिठलं' म्हटलं आणि हमसून रडायलाच लागले. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि चौथं ताट आणून मांडलं.

ही तुमची सैतानपूजा, मामा.

अहो, सैतान हे पात्र ख्रिस्ती गोष्टीतलं. पेगन लोक त्याला मानतच नाहीत, पूजतील कशाला? हॅलोविन हे नावसुद्धा चर्चचं, संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. आणि पॅगानस म्हणजे लॅटिनमध्ये खेडवळ. (त्यावरही पंडितांचे वाद आहेत, असू देत.) थोडक्यात, ज्यांनी नवा धर्म घेतला नाही ते गावंढळ. त्याच शिवीला आज हे लोक नाव म्हणून मिरवतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७४ हजार जणांनी धर्म म्हणून 'पेगन' लिहिलं, विक्का या पेगन पंथाचे १३ हजार वेगळेच.

मानतात काय? आजींना विचारलं तर हसल्या. "आमच्यातल्या दोघांचं एकमत झालं तर मला कळव." कुणी अनेक देव मानतं, कुणी एक देवी आणि एक देव, कुणाला झाडापाण्यातच देव दिसतो. सगळ्यांचा एक ग्रंथ नाही, एक संस्थापक नाही. माती पवित्र, ऋतू पवित्र. बरेच जण वर्षाचे आठ सण पाळतात: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि मधले चार. विक्कात म्हणतात, कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर.

हो, विक्का जुनाट नाही, मान्य. ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतरच विक्काचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर त्याबद्दल उघडपणे लिहू लागला. आठ सणांचं चक्रही गेल्या शतकातच असं जुळवलेलं. मग? आपला सार्वजनिक गणपती तरी टिळकांच्या काळातलाच ना?

फॉरवर्डइतकाच राग मला दुसऱ्या टोकाचाही येतो. इथल्या मंडळात एक काका ठणकावून सांगतात, "म्हणजे मूळचे हिंदूच की ते!" सगळे खूश. काकांना काय बोलू, त्या रात्री नाक पुसत मीही तेच म्हटलं होतं, "अगदी आमच्या पितृपक्षासारखं!" आजी शांतपणे म्हणाल्या, "असेल. पण मला तुमच्यातली करू नकोस हं. आमचं नाव एकदा दुसऱ्यांनी ठेवून झालंय." तेव्हा जरा लागलं होतं मला. आता नाही लागत.

असो. मामा, रागावू नका, तुमची भाची तोंडाळ आहे हे तुम्हाला जुनंच आहे. गॅसवर पिठलं आहे, सातला आजींकडे जायचंय. हिंगाच्या वासाने त्या अजून नाक मुरडतात, पण दरवर्षी बजावतात: वडिलांच्या वाटणीचं कमी घालू नकोस.