गोळी न झाडता हातचं गेलेलं शस्त्रागार

ऑगस्टा म्हटलं की सगळ्यांना गोल्फ आठवतं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या याच गावात टेकडीवर अमेरिकन सैन्याचं जुनं शस्त्रागार होतं. तिथल्या कमांडंटचं घर अजून उभं आहे. 1971 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. कशासाठी? तर कवी स्टीफन व्हिन्सेंट बेने लहानपणी तिथे राहायचा म्हणून! त्याचे वडील कर्नल, शस्त्रागाराचे प्रमुख. कवीला मान मिळतोय याचा आनंदच आहे (आपल्याकडे कवीचं घर आधी बिल्डरला दिसतं). पण त्या आवारात जे खरं घडलं ते कवीच्या जन्माआधीच, आणि ते मागे पडलंय.

मुळात हे शस्त्रागार टेकडीवर नव्हतंच. 1816 मध्ये ते सव्हाना नदीकाठी बांधायला घेतलं. थोड्याच वर्षांत तापाची साथ आली आणि जवळजवळ सगळी तुकडी मेली. शत्रू नाही, लढाई नाही, नुसता ताप! मग 1820च्या दशकात फ्रीमन वॉकरची टेकडीवरची जागा विकत घेऊन सगळा बाडबिस्तरा वर हलवला. वॉकरने जमीन विकली, पण घराण्याची दफनभूमी स्वतःकडे ठेवली. ती आजही तिथेच आहे.

आता 1861, अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं ते वर्ष. गुलामगिरी टिकवण्यासाठी जॉर्जिया 19 जानेवारीला संघराज्यातून फुटलं आणि पाच दिवसांत गव्हर्नर जोसेफ ब्राउन शेकडो सैनिक घेऊन दारात हजर. आत कॅप्टन आर्नल्ड एल्झी, हाताशी जेमतेम एक कंपनी. त्याने सन्मानाच्या अटी मागून घेतल्या, झेंड्याला सलामी दिली, झेंडा उतरवला आणि शस्त्रागार सोपवलं. एकही गोळी सुटली नाही. हजारो बंदुका आयत्या बंडखोरांच्या हाती गेल्या.

इथवर मी त्याला दोष देणार नाही, संख्याबळच नव्हतं. पण त्याच एल्झीने एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याचा राजीनामा दिला आणि जुलैत बुल रनच्या लढाईत तो दक्षिणेच्या, म्हणजे बंडखोरांच्या बाजूने लढला! शौर्याबद्दल बढती मिळून ब्रिगेडियर जनरलही झाला. जानेवारीतली ती सलामी मग कुणाला होती?

1955 मध्ये शस्त्रागार बंद झालं, आता तिथे विद्यापीठ भरतं. त्याचं मला बरंच वाटतं, वापरातली वास्तू टिकते. फक्त तिथे इतिहास शिकणाऱ्या पोरांना बेनेच्या आधी एल्झी आणि तापाने गेलेले ते बिननावाचे शिपाई सांगा, एवढंच माझं म्हणणं. कविता काय, वाचनालयातही मिळते.