रुमाल न सोडता पीएच.डी.

मराठेशाहीवर पीएच.डी. करायचं ठरवलंत, अभिनंदन. विषय उत्तम आहे. व्याख्यानं मिळतात, आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात 'आपले इतिहास संशोधक' म्हणून शाल-नारळ कायमचा ठरून जातो. अडचण एकच आहे, त्या काळातले कागद. ते मोडी लिपीत आहेत, पुष्कळ आहेत आणि अजून शिल्लक आहेत. पहिल्या दोन गोष्टींवर खाली उपाय देतो. तिसरीकडे वाळवी आणि कसर आपापल्या परीने लक्ष देत आहेत.

सगळ्यात आधी, पुण्याच्या पुराभिलेखागाराच्या वाटेला जाऊ नका. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, तिथे आहे हे ठाऊक असलं, की पुरे. तीस हजारांहून जास्त रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. आतले कागद मोजायचे तर कोटींत. त्यातला एक मागवायचा म्हटलं, की मार्गदर्शकांचं पत्र, ओळखपत्र, अर्ज, मागणीची चिठ्ठी. गाठ सोडली की दोनशे वर्षांची धूळ थेट नाकात. टिपणं घ्यायची ती शिसपेन्सिलीनं. आणि एवढं करून आत काय सापडणार? कुण्या कमाविसदाराने किती वसूल केलं आणि पागेतल्या कुठल्या घोड्याला किती हरभरे घातले, याचा हिशेब. तुमच्या प्रबंधाचं नाव आहे 'पेशवेकालीन अर्थव्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास'. घोड्याच्या हरभऱ्याचा अर्थव्यवस्थेशी काय संबंध?

मोडी शिकण्याचा मोह काहींना होतो. अल्पमुदतीचे वर्ग असतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. ते घ्या, परिशिष्टात लावा आणि तिथेच थांबा. पुढे गेलात तर कळेल की वर्गातली मोडी आणि दफ्तरातली मोडी यांचं नातं फार लांबचं आहे. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, मग तिला लोंबकळणारी अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार एकच आणि उकारही एकच. एखाद्या कारकुनाच्या वळणाची सवय व्हायला महिने जातात, आणि सवय झाली की पुढच्या रुमालात त्याची बदली झालेली असते.

तारखा तर विचारूच नका. कागदावरचं साल म्हणजे शुहूर सन, तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, असं कुणीतरी सांगतं. तुम्ही मिळवता आणि पानिपतची लढाई जानेवारी १७६० मध्येच उरकते. कारण हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. आता १४ जानेवारी १७६१ ही तारीख शाळेच्या पुस्तकात छापलेली असताना मृग नक्षत्राची वाट कोण बघत बसेल?

त्यापेक्षा गोविंद सखाराम सरदेसाईंना शरण जा. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून ठेवले. देवनागरीत! ते निवडलेले कागद आहेत, असं ग्रंथाच्या नावातच म्हटलेलं आहे. पण नावं वाचत बसायला आपल्याला वेळ कुठे? ४५ खंड जास्त वाटत असतील तर ते ज्यांनी वाचले त्यांची पुस्तकं घ्या. ती जड वाटली तर ती पुस्तकं ज्यांनी वाचली त्यांचे प्रबंध. तळटीप मात्र मुळातली द्यायची, दफ्तराच्या विभागासकट : 'पुणे पुराभिलेखागार, घडणी, रुमाल क्रमांक अमुक'. ती उचलताना कधीकधी जुन्या पुस्तकातला छापताना चुकलेला क्रमांकही सोबत येतो. घाबरू नका. चुकीचा आकडा चार प्रबंधांत आला की त्याला पुरावा म्हणतात.

प्रस्तावनेत इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचं स्मरण हवंच. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद मिळवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. त्यांना मार्गदर्शक नव्हता, म्हणून जमलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायला मात्र हरकत नाही, तिथे पुस्तकं मध्ये येत नाहीत. वाचनकक्ष सकाळपासून भरलेला असतो. स्पर्धा परीक्षांची मुलं घरून पुस्तकं आणतात, खुर्चीवर पिशवी ठेवून चहाला जातात, आणि विद्यापीठाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायचा रोजच्या वर्दळीचा आकडा एकहाती उभा करतात. त्या बिचाऱ्यांना हसू नका, त्यांना बसायला दुसरी जागा नाही. पुस्तकं असतात आत, कुलपात. हे कुलूपही निव्वळ आळसाचं नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते रास्त धरतात. म्हणजे पाच हरवायची तर आधी हजार द्यावी लागतात. अशा जोखमीत कुठलाही शहाणा ग्रंथपाल पडत नाही. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन येतो, तेव्हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालून 'पुस्तकं वापरासाठी असतात' हे त्यांचं १९३१ सालचं पहिलं सूत्र मोठ्याने म्हणतात, आणि किल्ली पुन्हा खिशात जाते.

आता मुख्य परीक्षा, वाङ्मयचौर्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम पाठ करा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर दंड नाही. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, साठपर्यंत गेलं तर वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. भीतीचं कारण नाही, कारण मराठी संशोधकाच्या पाठीशी जुने फॉन्ट उभे आहेत. युनिकोड टाळा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान माणसाला मराठी दिसतं आणि यंत्राला रोमन अक्षरांचा भुसा. त्यात ते साम्य कशाशी शोधणार? ज्याचं उचललंत त्याचाही फॉन्ट तोच असेल तर पंचाईत होईल, म्हणून एक फॉन्ट बदला. याचा दुसरा फायदा पुढे कळतो. प्रबंध रीतसर शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो, जगातला कुणीही तो उघडू शकतो, पण आतला एकही शब्द शोधून कुणाला सापडत नाही.

अगदीच नाइलाज झाला आणि एखादा मोडी कागद हवाच असला, तर पानामागे पैसे देऊन वाचून घेण्याची सोय होती. आता ती महागली. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, आणि आपल्या कपाटांत मोडीतली दप्तरं पडून आहेत हे कचेऱ्याकचेऱ्यांना एकदम आठवलं. इतिहास विभागांना जे पन्नास-साठ वर्षांत जमलं नाही, ते एका दाखल्याने केलं. लोक स्वतःहून मोडी शिकू लागले. तुमच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे.

मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक विचारतील, "मूळ साधनं पाहिलीत का?" इथे गडबडू नका. म्हणा, "सर, आपल्या ग्रंथातले सगळे संदर्भ पडताळून पाहिले. एकही चुकलेला नाही." ते क्षणभर तुमच्याकडे बघतील. त्यांचे संदर्भ कुठून आले ते त्यांना ठाऊक आहे. पुढचा प्रश्न येत नाही, पेढे येतात.

यथावकाश तुम्ही स्वतः मार्गदर्शक व्हाल. प्राध्यापक असाल तर आठ विद्यार्थी मिळतील. सात जण आराखडा कुठून उतरवायचा ते विचारतील, त्यांना हा लेख द्या. एखादा मात्र सुट्टीत पुराभिलेखागारात बसून आलेला असेल, त्याची बोटं काळी असतील, आणि पागेच्या हिशेबावरून धान्याचे भाव कसे काढता येतात ते तो तुम्हाला सांगू लागेल. त्याचं सगळं नीट ऐकून घ्या आणि त्याच दिवशी त्याला विषय बदलून द्या.