२८ कोर खरे, पण ६७ गिगाहर्ट्झ खोटे

एक दावा सध्या सगळीकडे फिरतो आहे. डेटा सेंटरमधून काढलेले दोन जुने झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचे सर्व्हरसाठीचे, प्रत्येकी १४ कोरचे प्रोसेसर) घ्या, दोन सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा असलेल्या मदरबोर्डवर बसवा, की नव्या संगणकाच्या किमतीच्या एका अंशात त्याच्या कितीतरी पट वेगवान यंत्र तयार. सोबत हिशेबही असतो: २८ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) गुणिले २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे ६७ गिगाहर्ट्झ. या भरवशावर लोक जपून ठेवलेले पैसे घालतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला तो गुणाकार. गिगाहर्ट्झची अशी बेरीज होतच नाही, कारण जवळजवळ प्रत्येक कामाचा काही भाग एकाच कोरवर, एकामागून एकच चालतो. संगणकरचनाकार जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच ही मर्यादा दाखवून दिली होती. समजा, जुन्या एका कोरला एखादं काम १०० मिनिटं लागतं आणि त्यातलं निम्मंच वाटून देता येतं. २८ कोर लावूनही ५२ मिनिटं लागणारच. आता ८ कोरचा नवा प्रोसेसर घ्या, ज्याचा प्रत्येक कोर दुप्पट वेगाचा आहे असं धरा: तेच काम २८ मिनिटांत संपतं. ९० टक्के काम वाटता आलं तरी जुन्या जोडीला १३ मिनिटं आणि नव्याला साडेदहा. जोडी पुढे जाते ती साधारण ९५ टक्क्यांहून जास्त काम वाटता येतं तेव्हा; ९९ टक्क्यांना साडेचार विरुद्ध पावणेसात. थ्रीडी रेंडरिंग, मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं कंपायलेशन, एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारे आभासी संगणक), ही त्या प्रकारची कामं. तिथे ही जोडी खरोखर उत्तम आहे आणि मी ती आनंदाने सुचवीन. गेम, फोटो संपादन, ब्राउझर यांच्यासाठी मात्र नाही.

दुसरा दावा, दोन प्रोसेसर मिळून एकच मोठा प्रोसेसर होतो. नाही होत. प्रत्येक सॉकेटला स्वतःची रॅम जोडलेली असते, चार चॅनेलची, म्हणजे माहिती ने-आण करायच्या चार वाटांची. एका प्रोसेसरला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती मधल्या क्यूपीआय दुव्यावरून येते आणि तेवढा उशीर होतो. हा भेद न ओळखणारा प्रोग्राम दोन सॉकेटवर एकापेक्षा हळूही चालू शकतो. शिवाय आठही चॅनेल भरायला रॅमच्या किमान आठ पट्ट्या लागतात. ‘३२ जीबीच्या दोन पट्ट्या पुरे’ हा सल्ला म्हणजे पाऊण बँडविड्थ (माहिती ने-आण करण्याची क्षमता) सोडून देणं.

‘प्रोसेसर स्वस्त, म्हणजे संगणक स्वस्त’ हेही अर्धंच खरं. जुने प्रोसेसर स्वस्त मिळतात, हे मान्य. पण दोन सॉकेटचा चांगला बोर्ड दुर्मिळ, बहुधा ई-एटीएक्स या नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचा किंवा त्याहूनही मोठा, त्यामुळे कॅबिनेटही तसंच हवं. पॉवर सप्लायला सहसा ८ पिनच्या दोन सीपीयू जोडण्या लागतात. कूलर दोन, आणि सॉकेटभोवतीची चौकट चौरस की अरुंद हे बघूनच घ्यायचे. प्रत्येकी १२० वॅट टीडीपी (पूर्ण भारावर निघणाऱ्या उष्णतेचा आकडा) म्हणजे दोघांचे मिळून २४०; विजेचं बिल खरेदीच्या दिवशी दिसत नाही. विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो लागते.

शेवटचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो: आधी एकच प्रोसेसर बसवा, दुसरा पुढे सवडीने. दुसरा सॉकेट रिकामा असेपर्यंत त्याच्या वाटच्या रॅमच्या खाचा आणि त्याला जोडलेले पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं बसवायच्या जागा) बंदच राहतात. पुढे जोडी जमवताना प्रोसेसर त्याच मॉडेलचा हवा, स्टेपिंगही (त्या मॉडेलची उत्पादन-आवृत्ती) तेच असलेलं बरं. ई५-१६०० मालिकेतला घेतला असेल तर दुसरा बसतच नाही, ती मालिका एका सॉकेटचीच आहे. घ्यायचेच असतील तर दोन्ही एकदम, एकाच ठिकाणाहून घ्या आणि इंजिनिअरिंग सॅम्पल (विक्रीआधी चाचणीसाठी बनवलेले नमुने) नाहीत ना, हे वरचं कोरलेलं नाव वाचून तपासा.